न्यायला आलेल्यांची वही

फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. धारणगाव, चर्चच्या मागची गल्ली, दोन खोल्यांचं घर आणि पुढे शहाबादी फरशीचा ओटा.

"...आणि चौथं?" साळवे सिस्टरांनी विचारलं.

डॉक्टर मकरंद नांदुरकरांनी चहाचा कप खाली ठेवला. कप ठेवायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला.

"चौथं सापडलं नाही, सिस्टर."

रुग्णालयातल्या नर्सच्या नोकरीतून केव्हाच निवृत्त झालेल्या सिस्टर लसूण सोलत होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बोटं थांबली नाहीत.

डॉक्टर आले होते आमंत्रण द्यायला. अकरा वाजता नगरपालिकेच्या सभागृहात त्यांचा सत्कार होता. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब काढायचे, टिपकागदासारख्या जाड कार्डावर सुकवायचे आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. हे काम त्यांनी चार वर्षांपूर्वी सुरू केलं. अकरा हजारांवर बाळं झाली. एकही टाच सुटली नाही, असं पत्रिकेवर छापलं होतं.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जन्मतःच दोष असलेलं बाळ पहिल्या दिवशी इतर बाळांसारखंच दिसतं. दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतरांसारखंच वाढतं. शाळेत जातं, मारामाऱ्या करतं, गणितात नापास होतं. गोळी सुरू झाली नाही तर मेंदूची वाढ खुंटते. मागाहून पोतंभर गोळ्या घातल्या तरी गेलेलं परत येत नाही.

यंदा अशी चार बाळं निघाली होती. तिघांची गोळी सुरू झाली, हे डॉक्टरांनी चहा पिता पिता अभिमानानं सांगितलं होतं. तेवढ्यात सिस्टरांनी चौथ्याचं विचारलं.

"किती दिवसांचं?"

"आज सतरावा."

"मुलगा?"

"मुलगी."

"नाव काय?"

"नाव... कार्डावर 'राधा सुदाम मिसाळ यांचे बाळ' एवढंच आहे."

"बारसं होऊन गेलं असेल की तिचं. तुझ्या कागदावर राहिलं असेल." सिस्टरांनी पाकळी ताटलीत टाकली. "शोधलंस?"

"पत्र पाठवलं. नवऱ्याचा मोबाइल बंद. आशाताई गावात जाऊन आल्या. घराला कुलूप आहे. मिसाळ मंडळी ऊसतोडीला गेलीत कर्नाटकात. कुठल्या कारखान्यावर, ते गावात धड कुणी सांगत नाही. शेरा मारलाय."

"काय मारलाय?"

"पत्त्यावर आढळले नाही."

तीन शब्द. खाली सही. सहीवर शिक्का. हा शेरा पडला की फाइल शांत होते, साहेब शांत होतात, आढावा बैठक वेळेवर संपते. पत्ता बरोबर होता का, असं त्या बैठकीत कुणी विचारत नाही. विचारलं तर पुढचा चहा थंड होतो.

"पहिलटकरीण आहे?" सिस्टरांनी विचारलं.

"हो."

सिस्टर हसल्या. हसू काही प्रेमाचं नव्हतं.

"मकरंद, तुझा जन्म कुठला?"

"माझा? पैठणचा. आजोळी."

"तुझ्या पोरीचा?"

"सोलापूरचा. म्हणजे माझ्या सासुर..."



गल्लीतून दूधवाल्याची सायकल गेली. किटल्यांचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला.

"पहिलं बाळंतपण कुठं करतात ते गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल," सिस्टर म्हणाल्या. "एम.डी. झाल्यावर विसरायला होतं का?"

"कार्डावर आधारचा पत्ता घेतो आपण. लग्न झालं की तो सासरचा होतो. माहेरचा रकानाच नाही त्यात."

"कार्ड कुणी छापलं?"

"...मी."

"बरं. वही काय म्हणते?"



ती वही डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे अशी उभी राहिली, की जणू आत्ताच कुणी टेबलावर आपटली. लाल कापडाची बांधणी, कोपरे झिजलेले, मधे दोऱ्यानं लटकवलेली पेन्सिल. बाळंतिणींच्या वॉर्डच्या दाराशी ती असायची. सतरा वर्षांपूर्वी इंटर्न म्हणून ते या वॉर्डात आले, तेव्हा सिस्टरांनी पहिल्याच दिवशी ती हातात दिली होती.

तेव्हाचा वॉर्ड! पत्र्याखाली वीस खाटा, खिडकीच्या गजांना वाळत घातलेली दुपटी, उकळत्या पाण्याचा आणि डेटॉलचा वास. बाहेर लिंबाखाली सिमेंटचा बाक. त्या बाकावर भाऊ बसायचे, आया बसायच्या, हातात पितळी डबा, डब्यात मेथीचे लाडू. घरी सोडायच्या दिवशी सिस्टर एकेका बाळंतिणीला दाराशी थांबवत.

वहीत तीनच रकाने होते. कोण न्यायला आलं. कुठल्या गावाला. कशानं.

"भाऊ. लोणी खुर्द. सायकल."

"आई व मामा. शिरसगाव. बैलगाडी."

"कोणी नाही. मी सोडून आले."

या तिसऱ्या प्रकारच्या नोंदी सिस्टरांच्या अक्षरात होत्या आणि त्या बऱ्याच होत्या.

इंटर्न मकरंदला या कारकुनीचा तिटकारा होता. एकदा त्यानं घाईघाईत बाळंतिणीला विचारलं होतं, "कुठली गं तू?" सिस्टर पलीकडून कडाडल्या होत्या. "कुठली ते काय विचारतोस? कुठं चाललीस ते विचार!"

वॉर्डातल्या बाया खळखळून हसल्या होत्या. त्यालाही हसू आलं होतं. लाज वाटायला हवी होती, पण त्या वयात ती उशिरा येते.

ही वही का सुरू झाली, तेही त्याला माहीत होतं. पाळी संपल्यावर एका संध्याकाळी सिस्टरांनी सांगितलं होतं. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. इंदू नावाच्या पहिलटकरणीचं बाळ. रडणं कमी, अंग पिवळं, जीभ जाड, बेंबी फुगलेली. सिस्टरांना शंका आली. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, बघू. बघू म्हणेपर्यंत बाळंतीण घरी गेली. सिस्टर सुट्टीच्या दिवशी कागदावरच्या पत्त्यावर गेल्या. तिथं सासू होती. सुनेच्या माहेराशी तिचं भांडण. "गेली असंल तिकडं," म्हणून तिनं दार लावून घेतलं. तीन वर्षांनी इंदू दुसऱ्या खेपेला आली, तेव्हा थोरला कडेवर होता. तीन वर्षांचा. मान धरत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी सिस्टरांनी स्वतःच्या पगारातून वही आणली.

"वही बंद झाली, सिस्टर," डॉक्टर आता म्हणाले.

"बंद झाली की केली?"

"केली. संगणक आला तेव्हा. दुबार नोंदी बंद करा म्हणून मीच आदेश काढला. नर्सेसवर लिखापढीचा फार ताण होता. खरंच होता."

"असणार."

"मला वाटलं, कार्डात सगळं आहे."

सिस्टर उठल्या. ताटली आत ठेवली, हात धुतले. बाहेर आल्या तेव्हा पायांत चपला होत्या आणि खांद्याला जुनी कापडी पिशवी. त्यांनी ओट्यावरची पत्रिका उचलून डॉक्टरांच्या हातात परत दिली.

"मला हे द्यायला तू स्वतः आलास."

"म्हणजे काय. तुम्हाला पोस्टानं..."

"तिला पत्र टाकलंस."

डॉक्टरांचे कान लाल झाले. चाळिशी उलटलेल्या, तालुका ज्याला 'साहेब' म्हणतो त्या माणसाचे.

"अकराला कार्यक्रम आहे, सिस्टर."

"सात पंचवीस झालेत. चल."

रुग्णालयाच्या फाटकासमोर काळ्यापिवळ्या जीप उभ्या असतात. डॉक्टर आत जाऊन गोळ्या, सिरिंज आणि रक्त घ्यायच्या नळ्या घेऊन आले, तोवर सिस्टर रांगेतल्या पहिल्याच जीपच्या बॉनेटला टेकून बोलत होत्या. रफिकभाई पंचवीस वर्षं या फाटकावरून बाळंतिणी वाहून नेत होता.

"सिस्टर! तुम्ही अजून हयात?"

"तुझ्या जीपमध्ये इतक्यांदा बसूनसुद्धा."

"क्या बात है. बोला, कुठं सोडू?"

सिस्टरांनी जन्मापासून घरी सोडेपर्यंतचे तीन दिवस बोटांवर मोजले. "मागच्याच्या मागच्या बुधवारी एक बाळंतीण नेलीस का? मुलगी झालेली. पहिलटकरीण. मिसाळांची सून."

"बुधवारी बाजार असतो सिस्टर, जीप भरलेली असते. आणि आडनावं मला काय माहीत? माझ्याकडं काय पासपोर्ट दाखवून बसतात?"

"आठव."

रफिकभाईनं टोपी मागे सरकवली.

"एक होती. म्हातारी सोबत. हळू हाक, हळू हाक म्हणून हिवरवाडीपर्यंत डोकं खाल्लं माझं. बाजाराची माणसंसुद्धा घेऊ देईना. आणि पोर एकदाही रडलं नाही हो. एवढे खड्डे! मीच दोनदा वळून विचारलं, म्हातारे, पोर बरंय ना..."

सिस्टरांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टर आपल्या गाडीकडे वळले. रफिकभाई म्हणाला, "साहेब, ती गाडी ओढ्यात बसेल. या जीपमध्ये. पुढं बसा, मागं स्प्रिंग वर आलीय."

हिवरवाडी तीस-पस्तीस उंबऱ्यांची. पारावर चार म्हातारे ऊन खात बसलेले.

"राधा मिसाळ कुठं राहते?" डॉक्टरांनी खाली उतरून विचारलं.

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मिसाळ? या गावात मिसाळ न्हाईत."

"राधा. सोळा दिवसांपूर्वी बाळंत झालेली."

"राधाबी कुणी न्हाई. राधी हुती एक, ती मेली."

डॉक्टरांनी कार्ड पुन्हा वाचलं, जणू कार्ड आता वेगळं काही सांगणार होतं.

सिस्टर मात्र पुढे चालू लागल्या होत्या. पहिल्या आळीच्या तोंडाशी थांबल्या, मान वर केली, पुढं गेल्या. दुसऱ्या आळीत वळल्या. डॉक्टर मागून आले आणि तेव्हा त्यांनाही वास आला. ओवा आणि बाळंतशोपा, निखाऱ्यावर टाकलेल्या. पत्र्याच्या एका घराच्या छपराखालच्या फटीतून निळसर धूर येत होता. बाळंतिणीला धुरी चालू होती.

दारात म्हातारी आली. पदर कमरेला, हात राखेनं भरलेले.

"कोन पायजे?"

"बाळ बघायला आलो, मावशी," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यातून. तुमच्या लेकीचं सासर मिसाळांचं ना?"

"व्हय. पन तितं तिला राधा म्हंत्यात. लग्नात बदललं नाव. आमची ती मनीषाच."

आत बाजेवर मनीषा. एकोणीस-वीस वर्षांची, कानाला फडकं बांधलेली. शेजारी दुपट्यात बाळ.

"लई गुणाची हाय," ती कौतुकानं म्हणाली. "रडतच न्हाई. दूध पाजायला तीन तीनदा उठवावं लागतं."

डॉक्टर बाळापाशी बसले. कातडी कोरडी. डोळ्यांत अजून पिवळेपणा. त्यांनी दुपट्यातून पाऊल काढलं. टाच गार होती. ऊब येईपर्यंत त्यांनी ती आपल्या मुठीत धरून ठेवली. असं धरायला त्यांना ज्यांनी शिकवलं, त्या शेजारीच उभ्या होत्या.

रक्त काढलं. बाळ कुरकुरलं, घोगरं. मग त्यांनी गोळीचं पाकीट काढलं आणि समजावून सांगू लागले. ग्रंथी, संप्रेरक, मेंदूची वाढ, तपासणीचे आकडे. चांगलं सांगत होते. अकरा वाजता असंच सांगणार होते.

म्हातारीनं मधेच तोडलं. "सोळा-सतरा दिसाच्या लेकराला गोळी? किती दिस?"

"रोज. बहुतेक जन्मभर."

म्हातारीचा चेहरा बदलला. तिनं बाळाचं पाऊल दुपट्यात लोटलं.

"मंजी पोर रोगी हाय म्हना की. आन उद्या सासरच्यास्नी कळलं मंजी? पोरगी हाय ती. नगं आमाला गोळीबिळी. झाडपाल्याचं बघू आमी."

"आजी, एकेक दिवस महत्त्वाचा आहे. तुम्हाला कळत नाहीये..."

"आमाला कसं कळंल? तुमी शिकल्याली मानसं. इतके दिस कुटं हुता?"



सिस्टरांनी पिशवीत हात घातला. चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या, आणि एक अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी. ती त्यांनी म्हातारीच्या राखेच्या तळहातावर ठेवली. दुसऱ्या हातावर डॉक्टरांची.

"सारखीच हाय का?" म्हातारीनं डोळ्यांजवळ नेली.

"तीच. माझी ताकदीनं जास्त. पंधरा वर्षं झाली, रोज पहाटे खाते. रोगी दिसते मी?"

म्हातारीनं त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिला घाई नव्हती.

"माज्यापरीस टणटणीत हाय की तुमी."

"तुमची साठी झाली?"

"असंल."

"माझी पंचाहत्तरी आली."

म्हातारी बाजेच्या कडेला बसली. हात पदराला पुसले.

"कशात द्यायची?"

मनीषानं वाटीत दूध काढून दिलं. दोन चमच्यांच्या मधे गोळीची पूड केली. म्हातारी बाळाला पाजायचं बोंडलं धुवून घेऊन आली. पहिला घोट बाळाच्या ओठांवरून ओघळला. तिनं बोटानं गालाशी चाळवलं. दुसरा घोट आत गेला.

 निखाऱ्यावर ओवा तडतडत होता.

डॉक्टरांनी खिशातून पत्रिका काढली, ती उलटी केली आणि पेन उघडलं.

"मनीषा," त्यांनी विचारलं, "इथून पुढं कुठं चाललीस?"

"सव्वा महिना झाला की उसाच्या फडावर. निपाणीच्या बाजूला हायेत ते."

"न्यायला कोण येणार?"

"धाकला दीर. म्हादू."

"त्याचा फोन चालू असतो?"

"त्याचा तर कानालाच चिकटल्याला असतो," म्हातारी म्हणाली, आणि मनीषा पहिल्यांदा हसली.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलंत?"

"आरोही."

तेही लिहिलं.

परतताना साडेदहा वाजून गेले होते. ओढ्याच्या अलीकडे फोनला रेंज आली. सभागृह भरलं होतं, पाहुणे चहा घेत होते, हार आले होते. "निघालोय, पोचतो," डॉक्टर म्हणाले. आवाज हलका झाला होता. सतरा वर्षांपूर्वी, पहिल्या पाळीनंतर लिंबाखालच्या बाकावर सिस्टरांसोबत चहा प्याला होता, त्या दिवशी आवाज असाच होता.

"वही उद्यापासून सुरू करतो, सिस्टर. लेखी आदेश काढतो. तेच तीन रकाने."

"काढ."

"सत्कारात सांगतो, तुमची वही म्हणून."

"माझं नाव नको. रकाने सांग."

जीप खड्ड्यात आपटून वर आली. रफिकभाईनं पुटपुटत अल्लाचं नाव घेतलं.

"चारपैकी चार झाली, सिस्टर."

"यंदाची."

"...हो. यंदाची."

"वही कधी बंद केलीस?"

"चार वर्षं झाली. जानेवारीत."

"तेव्हापासून हाच शेरा आणखी किती जणांवर?"

डॉक्टरांना यादी बघायची गरज नव्हती. सह्या त्यांच्याच होत्या.

"पाच."

"पहिला?"

"त्याच साली... फेब्रुवारीत."

रफिकभाईनं गियर बदलला. लांबवर गावाच्या पाण्याची टाकी दिसू लागली होती.

 सिस्टर बाहेर बघतच म्हणाल्या,

"मग ते पोर आता चार वर्षांचं असेल."